तिसऱ्या सिलिंडरचा हिरवा रंग

विमानाच्या इंजिनाला ताप आलाय हे चालवणाऱ्याला कसं कळतं, असं सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत मला पुष्कळांनी विचारलं आहे. विचारणारे बहुतेक लूमवर काम करणारे. त्यांचं मशीन बिघडलं की आवाज बदलतो, धागा तुटतो, डोळ्यांसमोर दिसतं. विमानाचं इंजिन नाकाच्या पत्र्याखाली झाकलेलं आणि माणूस पट्टा बांधून खुर्चीत. मी सांगायचो, त्याच्यासमोर एक पेटी असते, ती सांगते. मग पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, आणि पेटीला कोण सांगतं? मी छाती फुगवून म्हणायचो, मी.

निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न आला की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं की भामरे, तुमच्या त्या विमानांच्या कामाचं काहीतरी मजेशीर लिहा. मजेशीर एक गोष्ट आहे, ती आधी सांगून टाकतो. बाकीचं मजेशीर नाही.

आधी काम काय ते सांगतो. सुरत शहराबाहेर वैमानिक तयार करणारी एक शाळा होती, तिच्याकडे चार छोटी विमानं होती आणि त्यांची उपकरणं माझ्याकडे होती. पूर्वी इंजिनाची प्रत्येक गोष्ट दाखवायला वेगळी गोल तबकडी असायची. नंतर त्या सगळ्या काढून एकच स्क्रीन आली. चार सिलिंडर, प्रत्येकाच्या डोक्याचं तापमान, तेलाचा दाब, इंधन, फेरे, सगळं एका जागी, रंगीत. हिरव्यात आकडा असला की ठीक, पिवळ्यात गेला की लक्ष द्या, लाल झाला की खाली उतरा. पिवळा लागला की हेडफोनमध्ये घंटाही वाजते.

पण ही पेटी खोक्यातून नवी निघते तेव्हा तिला काहीही ठाऊक नसतं. आपण कुठल्या इंजिनाला जोडलोय, त्याला किती ताप चालतो, किती दाब लागतो, हे तिला कळत नाही. लॅपटॉप नाहीतर तिचीच बटणं घेऊन माणसाने एकेक आकडा भरायचा असतो. हिरवा इथून इथपर्यंत, पिवळा इथून पुढे, लाल इथे, घंटा या आकड्याला. आकडे मनाचे नसतात. इंजिन बनवणाऱ्याचं आणि विमान बनवणाऱ्याचं पुस्तक असतं, त्यातून घ्यायचे, कागदावर उतरवायचे, खाली आपली सही करायची, वरच्या इंजिनिअरची घ्यायची आणि मग पासवर्ड टाकून पेटीला कुलूप लावायचं. एका पेटीला अर्धा दिवस जातो. काम कंटाळवाणं आहे आणि ते कंटाळवाणंच असायला हवं.

आता ती मजेशीर गोष्ट. एका कापड व्यापाऱ्याचं स्वतःचं विमान आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. शेठ स्वतः चालवायचे, शेजारी शेठाणी बसायच्या. वर चढताना इंजिन थोडं तापतं आणि क्षणभर पिवळा दिसतो. तो दिसला की शेठाणी शेठचा दंड घट्ट धरायच्या आणि घरी जाईपर्यंत सोडायच्या नाहीत. शेठ मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले की तो पिवळा काढून टाका, सगळं हिरवं करून द्या, घरात शांतता राहील. मी पुस्तक उघडून आकडा दाखवला. ते म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याला माझी बायको माहीत नाही. मी ऐकलं नाही. शेवटी शेठाणी मागच्या सीटवर बसायला लागल्या. शेठना नकार दिला त्या दिवशी हँगरमधल्या सगळ्यांना मी ऐकवलं होतं की भामरे पुस्तकाबाहेर एक आकडा हलवत नाही.

त्यानंतर दीड वर्षाने मी नेमकं तेच केलं, तेही कोणी न सांगता.

मी विमानांत आलो त्याआधी अकरा वर्षं सुरतेतच पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात होतो. तिथेही माझ्याकडे तापमान आणि दाबाचे मीटरच होते. तिथली एक पद्धत सांगायला हवी. मीटर जुने, काचेवर वाफ, छापलेले आकडे अर्धे पुसलेले, अर्धे खोटे. त्यामुळे रंगमास्तर आकड्याकडे बघायचेच नाहीत. ज्या दिवशी कापडाची शेड हवी तशी उतरायची, त्या दिवशी सुई जिथे उभी असेल तिथे काचेवर नेलपॉलिशने रेघ मारायची. ती 'आपली रेघ'. दुसऱ्या दिवसापासून सुई त्या रेघेवर राहिली की झालं. घंटाही त्याच हिशेबाने, रेघेच्या थोडी वर. छापलेला आकडा काहीही म्हणो. ही पद्धत चुकीची नव्हती, कारण संध्याकाळी कापड बाहेर यायचं आणि रेघ खरी की खोटी ते सांगायचं. अकरा वर्षांत माझी एक रेघ खोटी ठरली नाही. त्याचा मला भारी अभिमान होता आणि तो मी सोबत घेऊन विमानांत आलो.

दोन नंबरच्या विमानात नवी पेटी बसवली ती मे महिन्यात. मी पुस्तकातले आकडे भरले. सिलिंडरच्या डोक्याला चारशे पस्तीसच्या वर पिवळा आणि घंटा, पाचशेला लाल. फॅरनहाइट, कारण ही इंजिनं अजून तेच बोलतात. देसाईसाहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य इंजिनिअरनी, सही केली. पहिल्याच उड्डाणात घंटा वाजली. तिसरा सिलिंडर चारशे पन्नासला गेला होता, बाकीचे तीन निवांत होते. दुसऱ्या उड्डाणातही तेच झालं, तिसऱ्यातही. आमचे मुख्य शिक्षक कॅप्टनसाहेब वैतागले. शिकणारी पोरं घंटा ऐकून बाहेर बघायचं सोडून पेटीकडे बघतात, असं त्यांचं म्हणणं. सुरतेच्या उन्हात इंजिन तापणारच, असंही ते म्हणाले. घंटेचं काही तरी करा, एवढं सांगून ते गेले. काय करा ते त्यांनी सांगितलं नाही.

मी स्वतः दोनदा मागे बसून वर जाऊन आलो. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. तिसरा सिलिंडर दर वेळी चारशे पन्नासला जाऊन थांबायचा, पुढे सरकायचा नाही. मला वाटलं, हा याचा स्वभाव आहे. इथे याची सुई उभी राहते. खाली आलो आणि पिवळा चारशे पस्तीसवरून चारशे सत्तरला नेला. पाचशेच्या लाल रेघेला हात लावला नाही, ती हद्द होती. चारशे पस्तीस हा पुस्तकातला सल्ला होता, आणि सल्ला थोडा इकडे तिकडे चालतो अशी मी मनाची समजूत घातली. बदलाचा कागद केला नाही, कारण कागद केला असता तर देसाईसाहेबांनी कारण विचारलं असतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. बाकीच्या तीन विमानांतही त्याच पेट्या यायच्या होत्या. मिलमध्ये एका मशीनवर जमलेली कृती बाकीच्या मशीनवर चढवायची असते, तशी मी दोन नंबरची फाइल कार्डावर घेतली आणि पेट्या बसल्यावर तिन्ही विमानांत चढवली. सहीच्या कागदावर मात्र पुस्तकातलेच आकडे राहिले. अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांत झालं. त्या दिवशी मी लवकर घरी गेल्याचं मला आठवतं.

पुढच्या वर्षी दीपाली आली. लिंबायतचीच पोर, बाप लूमवर, शिष्यवृत्तीवर वैमानिक व्हायला निघालेली. एका अडकलेल्या स्क्रूला मी अहिराणीत शिव्या घालत होतो, ते ऐकून ती हसत जवळ आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कोनता गावना?" मी शिरपूरकडचा, तीही तिकडचीच निघाली. शाळेत सगळ्यांशी ती हिंदीत, इंग्रजीत बोलायची. माझ्याशी मात्र अहिराणीत. घरून मिरचीचा खुडा आणि भाकरी आणली की निम्मी मला द्यायची. मला मुलगी नाही, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिचं पहिलं लांबचं एकटीचं उड्डाण होतं, नर्मदेपर्यंत जाऊन परत. सकाळ होती, तरी ऊन चढलं होतं. गेल्यावर अर्ध्या तासात रेडिओवर तिचा आवाज आला, इंजिन थरथरतंय, ताकद कमी झाली आहे, परत येते आहे. आवाज इतका सरळ होता की मला वाटलं काही विशेष नसेल. मी बाहेर आलो तेव्हा विमान दिसत होतं, खूप खाली, आणि त्याचा आवाज खोकल्यासारखा येत होता. धावपट्टीच्या अलीकडे शेवग्याच्या झाडांची रांग आहे. ती तिने कशी ओलांडली ते मला माहीत नाही, मी डोळे मिटले होते. चाकं टेकली आणि थोडं पुढे जाऊन पंखा थांबला. ती उतरली, पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "काका, मनं काय चुकनं?"

पत्रा उघडला. तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्याला तडा होता, कडेने काजळी. आणि त्याच बाजूला, इंजिनाभोवती रबराची जी पट्टी असते, ती आतल्या बाजूला दुमडलेली होती. ही पट्टी वारा अडवून सिलिंडरवरून न्यायचं काम करते. ती दुमडली की तेवढ्या फटीतून वारा पळतो आणि शेजारचा सिलिंडर तापतो. देसाईसाहेबांनी एका बोटाने ती सरळ केली. कधीची दुमडली असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. मला ते त्या क्षणी कळलं.

ही पेटी दर सेकंदाची नोंद ठेवते. दुपारी मी ती काढली आणि पहिल्या दिवसापर्यंत मागे गेलो. चार रेघा असतात, चार सिलिंडरच्या. तीन एकत्र खाली आणि तिसऱ्याची वर, पहिल्या उड्डाणापासून. हिवाळ्यात ती थोडी खाली आली होती म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही. पण ती एकदाही बाकीच्या तिघींना जाऊन मिळाली नव्हती. इंजिन मला मिळालं तेच आजारी मिळालं होतं. पेटी पहिल्या दिवशी घसा फोडून सांगत होती, आणि मी त्या आजाराभोवती हिरवा रंग दिला होता. रेघ खरी की खोटी ते सांगायला इथे कापड नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं, वर्षभराने.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. त्यांचं मत ठरलेलं होतं. पोरीने नाक वर करून फार वेळ चढाई केली, तापमानाकडे लक्ष दिलं नाही, इंजिन जाळलं. तिचं शिक्षण थांबवावं असं ते लिहिणार होते. दीपाली उभी होती. तिने हिंदीत सांगितलं की तिसऱ्याचा आकडा चारशे अडुसष्ट तिने पाहिला होता, तिला तो जास्त वाटला, तिने नाक खालीही घेतलं, पण रंग हिरवा होता, घंटा नव्हती, म्हणून ती पुढे गेली. कॅप्टनसाहेब म्हणाले, रंगाचं कारण सांगू नकोस. मग ती माझ्याकडे वळली. मी आलेखांचे कागद घेऊन दाराशी उभा होतो.

"काका, तुम्हीच सांगा ना यास्ले," ती म्हणाली. "हिरवंच व्हतं ना?"

मी म्हणालो, "डेटा अजून नीट बघावा लागेल."

डेटा माझ्या हातात होता. तो मी आदल्या दिवशी तीनदा बघितला होता. हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं, हे ऐकून मीच हादरलो. इतकं सफाईदार वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. दीपालीने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. बैठक संपली.

रविवारी घरी बायकोला सगळं सांगितलं. सुनंदा मेथी निवडत होती. विमानातलं तिला काही कळत नाही असं मी समजत आलोय. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "तिनी मायले काय सांगशात?" पोरीची आई आमच्या मागच्या गल्लीतच राहते. बाजारात दिसली की भामरेदादा म्हणते.

सोमवारी सकाळी मी देसाईसाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चारशे पस्तीसचं सत्तर कसं केलं, कागद का केला नाही, बैठकीत काय लपवलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. नोकरी जाईल हेही मी मनाशी धरलं होतं, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "भामरेभाई, आ सेटिंग बीजां केटलां प्लेनमां छे?"

बाकीच्या किती विमानांत ही सेटिंग आहे, असं ते विचारत होते. आणि शपथेवर सांगतो, त्या क्षणापर्यंत मला त्या फाइलची आठवण झाली नव्हती. तीन दिवस मी फक्त माझ्या नोकरीचा आणि त्या पोरीच्या शिक्षणाचा विचार करत होतो. मी म्हणालो, चारही. ते खुर्ची मागे ढकलून खिडकीशी गेले. समोर फरशीवर विमानं उभी असतात. पत्रा काढलेलं दोन नंबर होतं, शेजारी एक आणि तीन. चार नंबरची जागा रिकामी होती.

चार नंबर हवेत होतं. आत एक शिकणारा मुलगा एकटा. देसाईसाहेबांनी रेडिओवर त्याला परत बोलावलं, कारण सांगितलं नाही, पोरगं घाबरू नये म्हणून. फक्त तिसऱ्या सिलिंडरचा आकडा विचारला. तो म्हणाला, सर, सगळं हिरवं आहे. देसाईसाहेबांनी माझ्याकडे न बघता पुन्हा सांगितलं, रंग नको, आकडा सांग. तो तीनशे नव्वद म्हणाला. विमान परत यायला अठरा मिनिटं लागली. मी ती सगळी त्या रिकाम्या जागेवर उभा राहून काढली. इंजिन ठणठणीत होतं, पट्टी सरळ होती, काहीही झालं नव्हतं. मुलगा उतरला आणि आपलं काय चुकलं म्हणून विचारायला लागला. तीन दिवसांत असं विचारणारा तो दुसरा होता.

चारही विमानं बंद ठेवून सगळे आकडे पुस्तकाप्रमाणे पुन्हा भरले गेले. भरले देसाईसाहेबांनी, मी शेजारी बसून वाचून दाखवले. पेट्यांचा पासवर्ड बदलला आणि तो मला सांगितला नाही, हे योग्यच झालं. माझा कबुलीजबाब वर गेला. नोकरी राहिली, सहीचा अधिकार गेला. कॅप्टनसाहेबांनी आपला अहवाल मागे घेतला, पण दीपालीला 'तुझी चूक नव्हती' असं मात्र ते तोंडाने म्हणाले नाहीत. तिचं शिक्षण सुरू राहिलं. मी तिच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांसमोर माफी मागितली. त्यांनी चहा दिला. वडील म्हणाले, पोर खाली आली, बस. ती स्वतः त्या वेळी घरी नव्हती, किंवा आतल्या खोलीत होती, मी विचारलं नाही.

नवा सिलिंडर बसून दोन नंबर उडायला तयार झालं तेव्हा पहिलं एकटीचं उड्डाण तिनेच मागून घेतलं. मी विमानाजवळ गेलो. ती आत बसलेली होती, पट्टा बांधलेला, मांडीवर इंजिनाच्या पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स. तिने स्क्रीनवर आकड्यांच्या मर्यादांचं पान उघडून ठेवलं होतं. झेरॉक्स माझ्या हातात दिली. मी अहिराणीत विचारलं, "पोरी, मना राग उना का तुले?"

ती स्क्रीनकडे बघत होती. "नहीं सर," ती हिंदीत म्हणाली. "आप पन्ने से बोलते जाइए, मैं मिलाती हूँ. पहले तेल का दबाव."

मी पंखाजवळच्या उन्हात उभा राहून तेलाच्या दाबाचा आकडा वाचला.